मुक्काम पोस्ट टाटा इन्स्टिट्यूट

बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकातून यशवंतपूरकडे जाणारी बस मल्लेश्वरम मागे टाकते आणि कंडक्टर हाळी देतो, ‘टाटा इन्स्टिट्यूट!’ फाटकावरच्या पाटीवर नाव आहे भारतीय विज्ञान संस्था. जगात ती आयआयएससी म्हणून ओळखली जाते. बेंगळुरूकरांनी मात्र शंभर वर्षांपूर्वीचं नाव टाकलेलं नाही. रिक्षावाल्यापासून संपिगे रस्त्यावरच्या फुलवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ती टाटा इन्स्टिट्यूटच आहे.

शहराच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, रहदारीच्या कल्लोळात, सुमारे चारशे एकरांचं हे आवार पसरलं आहे. दरवर्षी जुलै-ऑगस्टात सांगली, लातूर, नाशिक, बेळगाव अशा गावांहून आलेली मुलं उद्यान एक्स्प्रेसमधून नाहीतर राणी चन्नम्मामधून उतरतात आणि इथे येतात. हातात बॅग, बादली आणि आईने कोंबून भरलेला चिवड्याचा डबा. आधी एका रांगेत उभं राहून प्रवेशाची कागदपत्रं तपासून घ्यायची आणि मग दुसऱ्या रांगेत वसतिगृहाच्या खोलीची किल्ली. पहिल्या रांगेबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं जातं. कटऑफ किती, रँक किती, क्लास कुठला. दुसऱ्या रांगेबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. माझं म्हणणं असं आहे की या संस्थेचं मोठेपण त्या दुसऱ्या रांगेत आहे. मूल कुठे राहतं, कोणासोबत जेवतं, रात्री अडलं तर कोणाचं दार वाजवू शकतं, यावर त्याचं शिक्षण ठरतं. टाटा इन्स्टिट्यूटचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, कधी अभिमानाने आणि कधी मान खाली घालून.

पत्रातलं वसतिगृह

१८९३ साली जमशेटजी टाटा आणि स्वामी विवेकानंद ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या जहाजावर सहप्रवासी होते. जहाज जपानहून कॅनडातल्या व्हँकूव्हरला निघालं होतं. पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १८९८ रोजी, जमशेटजींनी विवेकानंदांना एक पत्र लिहिलं. या देशातल्या वैराग्याच्या वृत्तीला विज्ञानाच्या उपासनेकडे वळवता येईल, त्या वृत्तीच्या माणसांसाठी मठांसारखी निवासस्थानं उभारावीत, त्यांनी तिथे साधेपणाने पण नीट राहावं आणि आयुष्य शास्त्रांच्या अभ्यासाला वाहावं, असा त्या पत्राचा आशय आहे. प्रयोगशाळा कुठली, विषय कुठले, हा तपशील पुढे ठरायचा होता. एकत्र राहण्याची जागा मात्र संस्थापकाच्या मनात तेव्हापासून पक्की होती.

पत्रापासून संस्थेपर्यंतची वाट लांब निघाली. १८९८ च्या अखेरीस योजना नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे गेली. सर विल्यम रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने देशभर फिरून बंगलोरची शिफारस केली. सरकारी कागद हलत राहिले आणि १९०४ साली जमशेटजी गेले. त्यांच्या मुलांनी योजना सोडली नाही. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. २७ मे १९०९ रोजी संस्थेचा स्थापना-आदेश निघाला आणि २४ जुलै १९११ रोजी मोजके विद्यार्थी दाखल झाले. सुरुवातीचे विभाग दोन, रसायन आणि विद्युत.

या कामासाठी टाटांनी जी मालमत्ता दिली, तिच्यात मुंबईतल्या इमारती आणि जमिनी होत्या. मुंबईच्या भाडेकरूंनी महिन्याच्या महिन्याला भरलेल्या भाड्यावर बंगलोरच्या माळावरचे विद्यार्थी शिकले, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. मुख्य इमारतही मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांनी आखलेली. त्यांचे वडील एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, वास्तुविशारद. म्हणून मुंबईहून आलेल्या मुलाला करड्या दगडाची ती भारदस्त इमारत पाहताना फार परकं वाटत नाही.

याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम उभा केला, कारण घरात राहून त्या शिकूच शकल्या नसत्या. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छताखाली आणि एका पंगतीत आणली. या तिघांना एकच गोष्ट नेमकी कळली होती. गरिबाच्या, खेड्यातल्या किंवा बाईमाणसाच्या शिक्षणाची अडचण शाळेच्या दारात नसते, मुक्कामाच्या जागेत असते. टाटांचं वसतिगृह निवडक संशोधकांसाठी होतं आणि भाऊरावांचं अनवाणी पोरांसाठी. दोन्हींच्या मुळाशी समज एकच.

कमलाबाईंचं एक वर्ष

पण छप्पर उभं राहिलं म्हणजे त्याखाली सगळ्यांना जागा मिळते असं नाही. टाटांच्या त्या पत्रात पुरुषांचाच विचार होता. संस्था सुरू होऊन दोन दशकं उलटली तरी तिथे स्त्रिया जवळजवळ नव्हत्या.

१९३३ साली मुंबईच्या कमला भागवत यांनी प्रवेशासाठी अर्ज केला. त्यांचा जन्म १९११ चा, म्हणजे संस्थेत पहिले विद्यार्थी आले त्याच सालचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. घरात बंगलोरच्या गोष्टी ऐकतच मुली वाढल्या असणार. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठी साहित्यातल्या दुर्गा भागवत झाली. कमलाबाई मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या होत्या आणि गुण उत्तम होते. वडील-काका शिकले तिथे आपणही शिकायचं, यात त्यांना वेगळं काही वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. नोबेल मिळून तीन वर्षं झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. गुणपत्रिका पुढे ठेवून उपयोग नव्हता, कारण हरकत गुणांवर नव्हतीच. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी बंगलोर गाठलं, रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचं कारण मागितलं. ते दिवस गांधींच्या चळवळीचे होते आणि या तरुणीने सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परिवीक्षेचं. कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नाही. आणि त्यांच्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये.

या तिसऱ्या अटीपाशी थांबायला हवं. पहिल्या दोन अटी जाचक आहेत, पण निदान कामाबद्दल आहेत. तिसरी अट नुसत्या असण्याबद्दल आहे. प्रयोगशाळेत मोठ्याने हसणं, वाचनालयात कोणाशी चर्चा करणं, संध्याकाळी चालता चालता एखाद्या प्रयोगावर वाद घालणं, या सगळ्यावर ती अट सावट धरते. निवासी संस्थेत अर्धं शिक्षण अशाच वेळी होतं. मुलांना ते आपोआप मिळत होतं आणि कमलाबाईंना एकेक पाऊल मोजून टाकावं लागणार होतं. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या स्पष्ट म्हणत, रामन थोर शास्त्रज्ञ होते, तरी या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती.

त्यांना मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक आणि शिकवण्यात उदार. कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज वरण-आमटीतूनच भागते, तिथे हा विषय किती मोलाचा होता हे वेगळं सांगायला नको. हे काम दिसायला साधं आणि करायला चिकाटीचं. डाळ दळायची, मिठाच्या पाण्यात तिची प्रथिनं उतरवायची, गाळायची, वेगळी करायची, आम्लात तासन्‌तास उकळून नायट्रोजन मोजायचा आणि आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून. वर्ष सरलं आणि रामन यांची खात्री पटली. कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली आणि त्यानंतर मुलींसाठी संस्थेचं दार किलकिलं झालं.

१९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या आणि केंब्रिजला गेल्या. तिथे फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात काम करताना बटाट्याच्या पेशींत त्यांना ‘सायटोक्रोम सी’ सापडलं. वनस्पतींच्या श्वसनातही या द्रव्याचा वाटा आहे हे त्यातून पुढे आलं. १९३९ साली त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. भारतात परतून त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर केलेलं काम गाजलं आणि त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ग्राहक चळवळीत त्या शेवटपर्यंत होत्या. १९९८ साली त्यांचं निधन झालं.

कमलाबाईंची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. त्यांच्याइतकेच गुण असलेल्या किती मुलींनी तो नकार वाचून गुणपत्रिका ट्रंकेत ठेवून दिली असेल? ज्यांच्या घरात टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले वडील आणि काका नव्हते, त्यांनी कोणाच्या बळावर बंगलोर गाठायचं? एक मुलगी लढून आत गेली म्हणून लढायला लावणारी व्यवस्था चांगली ठरत नाही.

सूचनाफलकावरची जाहिरात

चार दशकांनी त्याच आवारात आणखी एक प्रसंग घडला. १९७४ साली सुधा कुलकर्णी नावाची हुबळीची मुलगी इथे संगणकशास्त्रात एम.ई. करत होती. राहायला मुलींच्या वसतिगृहात आणि विभागात मुलगी एकटीच. एक दिवस सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात लागली. हुशार, कष्टाळू अभियंते हवेत, आणि खाली एक ओळ की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. खोलीवर परतून तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. ज्या घराण्याने ही संस्था उभी केली, त्याच घराण्याची कंपनी मुलींना दार बंद करते, असं त्यात होतं. काही दिवसांत पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि ती नोकरीला लागली. मराठी वाचक त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतात.

१९३३ च्या मुलीला आपलं म्हणणं मांडण्यासाठी संचालकांच्या दारात उभं राहावं लागलं. १९७४ ची मुलगी हक्काच्या खोलीत, हक्काच्या टेबलावर बसून पत्र लिहू शकली. स्त्रियांवरचा अन्याय तोवर संपला नव्हता, जाहिरात त्याचा पुरावा होती. पण जिला राहायला हक्काची जागा आहे तिचा आवाज वेगळा उमटतो. बदल झाला तो एवढा, आणि तो लहान नव्हता.

मेस, सायकल आणि रात्रीची प्रयोगशाळा

आजचं आवार कसं आहे? गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग, बदामी मार्ग, ताला मार्ग अशी रस्त्यांना झाडांची नावं. सकाळी नऊच्या सुमारास वसतिगृहांकडून विभागांकडे सायकलींची रांग लागते. पहिल्या वर्षाच्या पोरांकडे सीनियरने जाताना स्वस्तात विकलेली सायकल असते. तिची साखळी दर आठवड्याला निसटते आणि तिला कुलूप मात्र नवं असतं.

मेस ए, बी, सी, डी अशा अक्षरांनी ओळखल्या जातात. मराठी मुलांचे पहिले महिने जेवणाशी झटापट करण्यात जातात. सांबार गोडसर लागतं, चपाती पोळीसारखी नसते, वरण मागितलं तर रसम पुढे येतं. मग हळूहळू जीभ वळते. बिसीबेळे भाताच्या दिवशी रांग लांब का असते ते कळतं, आणि चित्रान्न हा फोडणीच्या भाताचाच भाऊ आहे हेही उमगतं. एक-दोन सत्रांनंतर हीच मुलं सुट्टीत घरी जाऊन आईकडे नारळाची चटणी मागतात.

मेसच्या टेबलावर कोण कोणाशेजारी बसेल याचा नेम नसतो. एकीकडे मेंदूतल्या पेशींवर काम करणारी केरळची मुलगी, दुसरीकडे भूकंपांचं गणित मांडणारा बिहारचा मुलगा आणि मध्ये ताटात भात कालवत बसलेला संभाजीनगरचा अठरा वर्षांचा पोरगा. तो ऐकतो, पुष्कळसं कळत नाही, एक प्रश्न विचारतो. त्या एका प्रश्नावर जेवण संपून हात वाळेपर्यंत बोलणं चालतं. हे कुठल्याही वेळापत्रकात नसतं आणि कोणी याची परीक्षाही घेत नाही.

अठरा वर्षांची मुलं इथे आली ती २०११ पासून. त्याआधी शंभर वर्षं ही मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था होती. शताब्दीच्या सुमारास चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, तोही लहान तुकडीचा. पहिली तीन सत्रं सगळ्यांना सगळं शिकावं लागतं, गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि मानव्यविद्याही. मग मुख्य विषय आणि शेवटच्या वर्षी संशोधन-प्रकल्प. बारावीपर्यंत चार पर्यायांतून एक उत्तर निवडायची सवय लागलेल्या मुलांना पहिल्याच सत्रात प्रयोगशाळेत वेगळाच धक्का बसतो. इथे नुसतं उत्तर लिहून भागत नाही. ते किती चुकीचं असू शकतं हेही मोजून लिहावं लागतं. लंबकाचा झोका वीस वेळा मोजायचा, दरवेळी आकडा थोडा वेगळा येणार, आणि तो वेगळेपणा लपवायचा नाही तर मांडायचा. कोटा किंवा लातूरच्या क्लासमधून आलेल्या हुशार मुलाला हे शिकायला वेळ लागतो. पण एकदा शिकला की तो परीक्षार्थी उरत नाही, विद्यार्थी होतो.

रात्री आवार झोपत नाही. कल्चर रूममधल्या पेशींना रविवार नसतो, त्यांचं माध्यम ठरल्या वेळी बदलावंच लागतं. महागड्या यंत्रांवरचा वेळ वाटून घ्यावा लागतो आणि नव्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा रात्री दोनचा वेळ येतो. मग तो दोन वाजता सायकल काढतो. दिव्यांखालचा रस्ता रिकामा असतो आणि झाडांत स्लेंडर लोरिसचा वावर असतो. मोठ्या गोल डोळ्यांच्या, मुठीएवढ्या तोंडाच्या या निशाचर प्राण्याला कन्नडमध्ये काडु पापा म्हणतात. लाखोंच्या शहराच्या मधोमध तो टिकून आहे, कारण इथली झाडं टिकून आहेत. १९११ साली हा सगळा उजाड माळ होता. आजची सावली माणसांनी लावलेली आहे.

दरवर्षी वसंताच्या तोंडावर ‘ओपन डे’ भरतो आणि सबंध शहर आत येतं. शाळेची मुलं, आजी-आजोबा, भाजीवाले, सॉफ्टवेअरवाले. विद्यार्थी दिवसभर उभे राहून आपापलं काम समजावून सांगतात. मराठी मुलं त्या दिवसासाठी चार कन्नड वाक्यं पाठ करतात. ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे कन्नड येत नाही, असं म्हणून सुटका करून घेण्याचे दिवस तिथे संपतात. समोर सातवीतली पोर डोळे मोठे करून उभी असली की भाषा आपोआप जमू लागते.

फाटकाबाहेरचं मल्लेश्वरम

या आवाराला लागून असलेलं मल्लेश्वरम हे विद्यार्थ्यांचं दुसरं घर. रविवारी सकाळी सीटीआरमध्ये लोण्याचा मसाला डोसा नाहीतर वीणा स्टोअर्सच्या दारात उभ्याने इडली, आणि दोघांत एक कॉफी म्हणजे ‘बाय-टू’. तिथून पुढे काडु मल्लेश्वराचं देऊळ. मराठी मुलांपैकी पुष्कळांना इथे आल्यावरच कळतं की या देवळाशी आपलं जुनं नातं आहे. शहाजीराजांना बंगळूर जहागीर मिळाली १६३८ मध्ये. त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांनी १६६९ साली या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पुढे १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरकरांकडे गेलं. आपण या शहरात परके आहोत अशी भावना घेऊन आलेल्या मुलाला हा शिलालेख दाखवावा. मालकी सांगण्यासाठी नव्हे, येणं-जाणं किती जुनं आहे हे कळण्यासाठी.

गणपतीत गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळाकडे पावलं वळतात. बेळगाव-निपाणीकडची मुलं इथे सगळ्यांच्या उपयोगी पडतात, कारण त्यांना दोन्ही भाषा घरच्या. दवाखान्यात, बँकेत, रिक्षात तीच बोलतात. दिवाळीत पीएचडीच्या विद्यार्थ्याला लांब सुट्टी नसते. कुरिअरने आलेला फराळ विभागातच उघडला जातो. खाण्यापिण्याचं प्रयोगाच्या ओट्यावर न्यायचं नाही हा नियम पाळून बाहेरच्या खोलीत चकल्यांचा फडशा पडतो. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान कर्नाटकातही आहे आणि बलिप्रतिपदाही, त्यामुळे ‘ऊटा आयता?’, म्हणजे जेवण झालं का, असं विचारणाऱ्या मेसच्या अक्कांना फराळ काय ते समजावून सांगावं लागत नाही.

एकत्र राहण्यातून काय उगवलं

अशा राहण्यातून काय निपजतं? थोडी नावं घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचे विष्णु माधव घाटगे जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकून आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगलोरला विमानाचा कारखाना काढला होता. १९४२ साली संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटग्यांकडे आली. १९५१ मध्ये आकाशात झेपावलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान त्यांच्याच देखरेखीखाली घडलं. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर इथे विद्युत अभियांत्रिकी शिकले, पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलं आणि १९५९ मध्ये आयआयटी कानपूरचे पहिले संचालक झाले. होमी भाभा महायुद्धामुळे इंग्लंडला परतू शकले नाहीत म्हणून इथे राहिले, आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं काम याच आवारात सुरू होऊन मग मुंबईला हललं. पुण्याचे माधव गाडगीळ आणि सुलोचना गाडगीळ हार्वर्डहून येऊन इथे रमले. माधवरावांनी पर्यावरणशास्त्राचं केंद्र उभारलं आणि सुलोचनाबाईंनी मॉन्सूनचा अभ्यास केला. पश्चिम घाटाबद्दल आज महाराष्ट्रात जो वाद चालतो, त्याची शास्त्रीय तयारी बऱ्याच अंशी या झाडांखाली झाली.

ही माणसं केवळ वसतिगृहामुळे मोठी झाली असं मी म्हणत नाही. पण विमानवाला, विद्युतवाला, पक्षी मोजणारा आणि पाऊस मोजणारी एकाच आवारात राहतात, एकाच रस्त्याने जातात, तेव्हा विषयांच्या भिंती आपसूक बारीक होतात. दुपारी वर्गातून निघून गावाच्या चार टोकांना पांगणाऱ्या कॉलेजात ही सोय नसते.

छतावरचे पंखे

आता दुसरी बाजू. २०२१ साली या आवारात काही विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यानंतर वसतिगृहांतले छतावरचे पंखे काढून भिंतीवर पंखे बसवायला सुरुवात झाली, तेव्हा देशभर चर्चा झाली. विद्यार्थ्यांपैकी अनेकांचं म्हणणं होतं की पंख्यावर उपाय करून मनावर उपाय होत नाही. संस्थेने समुपदेशनाची व्यवस्था वाढवली. एक जीव वाचत असेल तर पंखा काढावा, यावर माझं दुमत नाही. पण तेवढ्यावर थांबता येत नाही.

पीएचडीची पाच-सहा वर्षं लांब असतात. पाठ्यवृत्ती २०२३ मध्ये वाढून सुरुवातीला महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार झाली, पण त्यासाठी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने मागणी लावून धरावी लागली. गावाकडे वडील विचारतात, अजून किती शिकणार? बरोबरीच्या मित्रांची घरं झाली, मुलं झाली. इकडे प्रयोग चालत नाही, गाइडशी बोलायला धीर होत नाही आणि शेजारच्या खोलीतला मुलगा आपल्यापेक्षा पुढे आहे असं सारखं वाटत राहतं. चारशे एकरांच्या हिरव्या आवारात, हजारो हुशार मुलांमध्ये, माणूस अगदी एकटा पडू शकतो. करोनाच्या काळात मेस बंद झाल्या, टेबलं रिकामी झाली, तेव्हा हे एकटेपण किती खोल आहे ते उघडं पडलं.

म्हणून राहण्याची जागा देणं हे काम किल्ली हातात ठेवल्यावर संपत नाही. जो निवास देतो तो जबाबदारीही घेतो. आपल्याकडच्या जुन्या बोर्डिंगांत हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं. भाऊरावांच्या वसतिगृहात मूल आजारी पडलं की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतः बघत. आपले दागिनेही त्यांनी त्या मुलांच्या अन्नासाठी मोडले. संस्था वाढल्या, नियम वाढले, नोंदवह्या संगणकावर गेल्या. तरी आठ दिवस मेसमध्ये न दिसलेल्या मुलाची चौकशी कोण करतं, हा प्रश्न तसाच उभा आहे. त्याचं उत्तर यंत्राला देता येत नाही. मागच्या वर्षी त्याच खोलीत राहिलेल्या सीनियरला, मेसच्या अण्णांना आणि विभागात रोज भेटणाऱ्या गाइडला देता येतं. त्यांना तसं सांगितलेलं हवं आणि त्यांच्याकडे तेवढी फुरसत हवी.

आपल्याकडे काय करता येईल

महाराष्ट्रात आज शिकायला बाहेरगावी जाणारं मूल बहुतेक वेळा पुण्यातल्या पेठेत किंवा संभाजीनगरच्या एखाद्या वस्तीत कॉट-बेसिसवर राहतं. एका खोलीत चार खाटा, डब्याचं जेवण आणि दर अकरा महिन्यांनी नवा करार. कॉलेजात जागा मिळते, मुक्कामाला मिळत नाही. सरकारी वसतिगृहांच्या यादीत नाव लागेपर्यंत पहिलं सत्र उलटतं. ज्या प्रांताने शाहू महाराज, कर्वे आणि भाऊराव पाहिले, तिथे हे चालावं याची लाज वाटायला हवी.

टाटा इन्स्टिट्यूटची नक्कल सगळीकडे करता येणार नाही. एवढी जमीन आणि एवढा पैसा सगळीकडे नाही. पण तिथून घेण्यासारखं जे आहे त्याला फार पैसा लागत नाही. नवं महाविद्यालय मंजूर करताना वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहाच्या खाटा मोजाव्यात. प्रवेशाची यादी आणि खोल्यांची यादी एकाच दिवशी लावावी. वेगवेगळ्या विषयांची, वेगवेगळ्या जिल्ह्यांची आणि जातींची मुलं मुद्दाम एका मजल्यावर ठेवावीत. मुलींच्या वसतिगृहाला रात्री आठची मर्यादा आणि मुलांच्या वसतिगृहाला मोकळीक, हा भेद संपवावा. प्रयोगशाळा आणि वाचनालय रात्री सगळ्यांना सारखं उघडं असावं. काही शिक्षकांनी आवारातच राहावं आणि आठवड्यातून एकदा तरी मुलांच्या पंगतीला बसावं.

आणि आईवडिलांसाठी एक विनंती. येत्या जूनमध्ये मुलाचा किंवा मुलीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा आकडा जरूर विचारा. त्यानंतर वसतिगृहाच्या रेक्टरला भेटा. खोलीत किती जण, मेस कोण चालवतं, मूल आजारी पडलं तर रात्री कोण येतं, समुपदेशक रोज बसतो की महिन्यातून एकदा, मुलींना किती वाजेपर्यंत वाचनालयात बसता येतं, हे सगळं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. शे-दोनशे पालकांनी हे प्रश्न विचारले तर कुठल्याही संस्थेला ते टाळता येणार नाहीत. १९३३ साली एका मुलीने एकटीने कारण विचारलं होतं, आणि संस्थेला ते ऐकावं लागलं.